पॅडलखालचा बोल्ट

रेस जड झाली म्हणून आलेल्या किती गाड्या मी नुसती पायाखालची चटई सरकवून परत पाठवल्या, त्याची मोजदाद नाही. माणूस घाबरून आलेला असतो. पाय भरून येतो, टाच दुखते, गाडी एकदम झटका देऊन पुढे उडते. त्याला वाटतं इंजिन गेलं. मी दार उघडते, वाकते, तर रबराची चटई पॅडलच्या बिजागरीत घुसलेली. ती मागे ओढते आणि म्हणते, "दाबा आता." तो दाबतो. पॅडल लोण्यासारखं खाली जातं आणि त्याचा चेहरा पडतो. कारण दोन दिवस त्याने घरात सगळ्यांना सांगितलेलं असतं की काम मोठं आहे.

दिवाळी अंकासाठी लिहून द्या म्हणून अंकवाले मागे लागले, तेव्हा मी आधीच सांगितलं की माझं शिक्षण चौथी, सापगावच्या शाळेतलं. शोभेचं लिहिता येणार नाही. आणि बाई असून गाड्या दुरुस्त कशा केल्या, हे लिहिणार नाही. सगळे तेच विचारतात. गाडीला काय कळतं हात कोणाचा आहे? आमच्याकडच्या बायका काष्टा घालून दिवसभर चिखलात वाकून लावणी करतात. मी काष्टा घालूनच गाडीखाली जात असे. पँट घातलेल्या मेकॅनिकला जेवढा त्रास होतो तेवढाच मला झाला.

मुरबाडला शहापूरच्या रस्त्यावर आमचं गॅरेज होतं. चार खांब, वर पत्रे, मागे चिंचेचं झाड. गॅरेज मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. एक्याण्णव साली त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं इंजिनाच्या पंख्यात गेली. डोकं शाबूत होतं, पण बारीक तार, छोटा नट, खीळ धरता येईना. मी आधी नुसती हत्यारं हातात द्यायची. मग एकदा ते चिडून म्हणाले, "दे दे काय, तूच घाल ना हात." घातला. माझं मनगट बारीक आहे, पॅडलच्या मागच्या सांदीत जिथे पुरुषाचा हात अडकतो तिथे माझा जातो. त्यानंतर ते खुर्चीवर बसून सांगायचे आणि मी करायची. तीन-चार वर्षांनी ते सांगायचेही बंद झाले. नुसते बघायचे. ते जास्त अवघड होतं.

ज्यांना गाडीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. पायाने दाबायची पट्टी ते रेसचं पॅडल. तिथून एक तार नळीतून इंजिनापर्यंत जाते, सायकलच्या ब्रेकला असते तशीच. तारेच्या टोकाला इंजिनावर एक छोटी दांडी असते. ती ओढली की तेल जास्त जातं आणि गाडी पळते. दांडीला एक स्प्रिंग असते. पाय उचलला की ती दांडीला मागे ओढते आणि गाडी हळू होते. बस, एवढंच आहे. पॅडल, तार, दांडी, स्प्रिंग.

रेस जड झाली की या सगळ्यांना एकमेकांपासून सोडवायचं. इंजिनाकडची तार काढायची आणि दांडी हाताने हलवून बघायची. हलकी असेल तर दोष तिकडे नाही. मग पॅडलकडची तार काढायची, पॅडल हाताने दाबायचं. तेही हलकं असेल तर चोर तारेत आहे. आत गंज असतो, नाहीतर नळीला बाक आलेला असतो, नाहीतर तारेचे धागे तुटून आतल्या आत टोचत असतात. घाईचा मेकॅनिक आधी तार बदलतो, मग विचार करतो.

आमच्या भागातले दोष वेगळे. लावणीच्या दिवसांत लोक शेतातून तसेच गाडीत बसतात, पायाचा चिखल पॅडलच्या बिजागरीत जातो आणि उन्हाने विटेसारखा होतो. आणि दसऱ्यानंतरचे पंधरा दिवस नारळाचे. शहापूरकडचे एक मास्तर होते, नवी गाडी घेतली होती. दसरा झाला आणि आठव्या दिवशी रेस जड. तार काढली तर हाताला चिकट लागली. वास घेतला.

"मास्तर, नारळ कुठं फोडलात?"

"गाडीपुढे. कुठे फोडणार?"

"आणि पाणी?"

"बॉनेट उघडून आत ओतलं. इंजिनाला पोचायला नको?"

"पोचलं. इंजिनाला नाय, तारेला. पुढच्या वर्षी पाणी तुमी प्या. देवाला नुसता आवाज ऐकू आला तरी बास हाय."

नारळाचं पाणी वाळलं की डिंकासारखं होतं, त्यावर धूळ बसते. मास्तरांना पटलं नाही. पुढच्या दसऱ्यानंतर पुन्हा आले. तेव्हा मी विचारलंसुद्धा नाही.

अशी कामं हसत व्हायची. एक काम मात्र असं झालं की ते आठवलं की मला माझंच तोंड बघवत नाही. ते लिहिते.

सत्त्याण्णवची गोष्ट असेल. वैशाखरे गावचा विलास मुरबाडहून माळशेज घाटाच्या बाजूला जीप भरायचा. पंचविशीचा, अंगाने उंच, तोंडाने गोड. माणसं बसवायचा आणि सुसाट जायचा. एक दिवस जीप घेऊन आला.

"काकी, रेस लई जड झालीय. घाट चढून जाईपर्यंत पिंढरी दगडासारखी होतेय."

"कदीपासून?"

"आठ दिस झाले."

"आठ दिस दगड घेऊन फिरलास, मंग आज काय लवकर आलास?"

मी बॉनेट उघडलं. हात घातला आणि दांडीला दुसरी स्प्रिंग लागली. मूळची बारीक होती, ही अंगठ्याएवढी जाड, सायकलच्या स्टँडची. तांब्याच्या तारेने बांधलेली, आणि नळीच्या मागे अशी लपवलेली की दिसू नये. गाठ बघितली. भाताचा भारा आवळतात तशी, टोक आत खोचलेली. अशी गाठ मेकॅनिक मारत नाही.

विलासला दाखवली. त्याने क्षणभर बघितलं आणि म्हणाला, "जीपस्टँडवरच्या कोणीतरी लावली असंल. माझा नंबर पुढं असतो ना, जळतात साले. काढून टाक."

मी काढली. तो निघून गेला तो मोठा आवाज करत.

चार दिवसांनी एसटीने एक म्हातारे आले. धोतर, डोक्याला टॉवेल, हातात छत्री, पाऊस नसताना. विलासचे वडील, कमळू बाबा. मालक शहापूरला कामाला गेले होते. बाबा बाकावर बसले, पाणी प्यायले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाय, तूच काढलीस ना ती स्प्रिंग?"

"तुमी लावली होती?"

"मंग कोण लावंल? त्याची आय?"

मी हातातला नट बाजूला ठेवला. ते म्हणाले, "आमचा घर रस्त्याला हाय. पोरगा दिसातनं चार वेळा जातो. मी गाडी बघत नाय. मी आवाज ऐकतो. वळणाला पोचला तरी आवाज उतरत नाय गो त्याचा. बैल पण वळणाला हळू होतो. मी बोललो, तर बोलतो, बाबा तुमाला काय कळतं. मंग मी केलं. पाय जड झाला की दमंल, दमला की हळू जाईल."

मी त्यांना बॉनेटखाली उभं केलं, दुसऱ्या एका जीपच्या. स्प्रिंगचं टोक कुठे घासत होतं ते दाखवलं. "बाबा, ती जाड स्प्रिंग दांडीच्या खाली निसटली असती तर दांडी ओढलेलीच राहिली असती. पाय उचलला तरी रेस खाली येत नाय. घाटात. समजलं?"

त्यांना समजलं. म्हाताऱ्याने डोक्याचा टॉवेल काढून तोंडाला लावला. मला रडणारी माणसं आवडत नाहीत, पण ते रडत नव्हते, नुसते श्वास घेत होते. मग म्हणाले, "मीच मारला असता तर मंग."

"नाय मारलात."

"तूच काय तरी कर बाय. तुला गाडीतलं कळतं."

इथे मी चुकले. मला उपाय माहीत होता आणि उपाय माहीत असला की हात शिवशिवतात. पॅडलच्या खाली फरशीला एक बोल्ट बसवायचा, उलटा. पॅडल हलकंच राहतं, पण बोल्टवर टेकलं की पुढे जात नाही. मालाच्या ट्रकांना काही ट्रकमालक असा बोल्ट लावून घेत, ड्रायव्हरला सांगून. मी कमळू बाबांना हो म्हटलं.

मालक आल्यावर त्यांना सांगितलं. त्यांनी उरलेल्या दोन बोटांनी विडी धरली होती. "गाडी कुणाची?"

"विलासची."

"मंग विलासला विचार."

"विचारला तर तो लावून देईल काय?"

"नाय देणार."

"मंग?"

"मंग नाय लावायचा," ते म्हणाले आणि विडी ओढू लागले. मला वाटलं, याला बापाचं काळीज नाही. आम्हाला मूल नव्हतं, ते मला त्या दिवशी त्यांच्याविरुद्ध वापरता आलं, मनातल्या मनात.

पुढच्या आठवड्यात विलास ऑईल बदलायला आला. तो समोर भजी खायला गेला, तेवढ्यात मी बोल्ट बसवला. वर चटई टाकली. मालक चिंचेखाली पाठ करून बसले होते.

पंधरा दिवसांनी विलास म्हणाला, "काकी, गाडी हलकी वाटते, पण ओढत नाय. चढाला दम लागतो."

तेव्हा सांगायची वेळ होती. मी म्हटलं, "माणसं किती कोंबतोस ते बघ. लोड जास्त घेतोस म्हणून ओढत नाय."

"खरं?"

"खोटं कशाला सांगू?"

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं, जसंच्या तसं.

पुढे महिन्याभरात एका सकाळी घाटात समोर एक ट्रक हळू चढत होता. विलासच्या गाडीत त्या दिवशी पाचच माणसं होती. लोड नाही, म्हणजे गाडी निघेल, असा त्याने हिशेब केला. माझ्याच शब्दावर केला. ट्रकच्या बाजूला घातली, पॅडल पूर्ण दाबलं आणि ते बोल्टवर टेकलं. गाडी ट्रकच्या बरोबरीने राहिली, पुढे जाईना. वरून टेंपो आला. विलासने ब्रेक मारून मागे यायचा प्रयत्न केला, तेवढ्यात जीप ट्रकच्या मागून डोंगराच्या बाजूच्या गटारात गेली आणि कातळाला धडकली. दरीच्या बाजूला गेली असती तर मी हे लिहीत बसले नसते. एका बाईच्या कपाळाला टाके पडले. विलासचा उजवा पाय पॅडल आणि पत्र्याच्या मध्ये सापडला. घोटा मोडला.

महिन्याने प्लास्टर घातलेला पाय घेऊन, काठी टेकत तो आला. जीप ओढून आणून मागे चिंचेखाली उभी केली होती. त्याने स्वतः दार उघडलं, चटई फेकली आणि पाय सोडवताना दिसलेला बोल्ट बोटाने दाखवला.

"ह्यो कुणी लावला?"

"मी."

"कोणी सांगितलं?"

मालक खुर्चीवर होते. म्हाताऱ्याचं नाव माझ्या ओठापर्यंत आलं होतं. सांगितलं असतं तर अर्धं ओझं उतरलं असतं. मी म्हटलं, "पाना माझ्या हातात होता."

"मी तुला विचारला होता, काकी. विचारला होता का नाय, गाडी ओढत नाय म्हणून?"

"विचारलं होतंस."

"आणि तू काय बोललीस?"

"खोटं बोलली."

त्याने जीपचं दार लावलं. शिवी देईल असं वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "जीप दुसरीकडं नेतो," आणि नेली. मी दुरुस्ती फुकट करते म्हटलं, तर मागे वळूनही बघितलं नाही. त्यानंतर तो आमच्या गॅरेजवरून जायचा तेव्हा समोर बघत जायचा. स्टँडवर गोष्ट पसरली. बरीच जीपवाली गिऱ्हाइकं गेली. मला त्यांचा राग आला नाही. ज्या मेकॅनिकवर भरवसा नाही त्याच्याकडे मीसुद्धा गाडी नेली नसती.

कमळू बाबा एकदा आले होते. "मी सांगतो त्याला," म्हणाले. मी म्हटलं, "सांगायचं असंल तर घरी सांगा. माझ्यासाठी नको." त्यांनी सांगितलं की नाही ते मला कळलं नाही.

त्यानंतर मी एक नेम ठेवला. गाडीला हात लावण्याआधी गाडीच्या मालकाला बोलवायचं, काय करणार ते दाखवायचं, झाल्यावर काय केलं ते पुन्हा दाखवायचं. कंटाळतात लोक. म्हणतात, काकी, तू कर आणि दे. मी म्हणते, बघायचं नसंल तर गाडी घेऊन जा. माझ्या नवऱ्याला हे आधीपासून माहीत होतं, बोटं जायच्या आधीपासून. पुढे ते वारले. मरेपर्यंत त्यांनी मला त्या बोल्टबद्दल एक शब्द ऐकवला नाही. तेही जास्त अवघड होतं.

दोन हजार सहा किंवा सात असेल. एक छोटी पांढरी गाडी येऊन थांबली. आतून विलास उतरला. कानाजवळ केस पांढरे, पोट सुटलेलं, उजवा पाय किंचित ओढत. जीप कधीच विकली होती, आता त्याचं वैशाखऱ्याला दुकान होतं, ही घरची गाडी. दहा वर्षं आम्ही बोललो नव्हतो. तो जणू काल येऊन गेला असावा तसा म्हणाला, "रेस जड हाय. दोघांना दाखवली. तार बदलली, स्प्रिंग बदलली. जडच."

"बस इथं," मी म्हटलं. "उठायचं नाय. मी करते ते बघायचं."

त्याच्या डोळ्यांसमोर चटई काढली. तार सोडली, दांडी हलवून दाखवली, त्यालाही हलवायला लावली. पॅडल हाताने दाबलं, त्याच्याही हाताने दाबून घेतलं. नळी बघितली. सगळं हलकं होतं. नव्या गाडीसारखं. मी पुन्हा सगळं जोडलं आणि त्याला सीटवर बसवलं. "दाब."

त्याने दाबलं आणि मी पॅडल बघायचं सोडून पाय बघितला. घोटा वाकतच नव्हता. टाच जमिनीवर ठेवून चवडा दाबायचा असतो, तसं त्याला येत नव्हतं. तो अख्खी मांडी उचलून पाय पॅडलवर ठेवत होता आणि सगळं वजन तोलून धरत होता.

मी गाडीतून बाहेर आले, हात पुसले. खोटं बोलायला जागा होती. तार घासतेय म्हणता आलं असतं.

"गाडीत दोष नाय, विलास. रेस जड नाय. तुझा पाय जड हाय."

त्याने पॅडलवरून पाय उचलला. पायाकडे बघत राहिला.

"तो माझ्यामुळं हाय," मी म्हटलं. "डॉक्टरकडं जा, पण ते आता सरळ होईल असं मला नाय वाटत."

"डॉक्टर पण तेच बोलला," तो म्हणाला. म्हणजे त्याला माहीत होतं. मग म्हणाला, "बाबा गेले. दोन वर्षं झाली."

"ऐकलं होतं."

"बोल्ट त्यांनीच सांगितला ना?"

मी तेच म्हटलं जे तेव्हा म्हटलं होतं. "पाना माझ्या हातात होता."

तो हसला. "काकी, ती स्प्रिंग तू दाखवलीस ना, तवाच मला कळलं होतं. ती गाठ आमच्या बाबांची. गावात दुसरा कोण तशी मारत नाय. टोक आत खोचायचे ते."

"मंग स्टँडवाल्यांचं नाव कशाला घेतलंस?"

"बापाचं नाव घेऊ काय तुझ्यापुढं?" त्याने चावी बोटावर फिरवली. "बापाने न सांगता केलं ते चालतं, काकी. बाप हाय तो. मी त्याच्यावर कदी चिडलो नाय. तू मेकॅनिक. तू सांगायला पायजे होतं."

मी त्याच्या टाचेपासून पॅडलपर्यंतचं अंतर बोटांनी मोजलं.

मी मागे गेले. एका जुन्या पेटीची सागाची फळी होती, तिचा तुकडा कापला, दीड इंचाचा, पुढून उतरता. त्याला दाखवला. "हा टाचेखाली बसवते. टाच उंच झाली की घोटा कमी वाकवावा लागंल. दोन स्क्रूने फरशीला बसवते, म्हंजे सरकणार नाय आणि ब्रेकखाली जाणार नाय. स्प्रिंग मी ढिली करणार नाय, कितीही बोललास तरी. पटतंय का?"

"पटतंय."

"मंग इथं उभा राहून बघ."

तो उभा राहिला, काठीसारखा, पूर्ण वेळ. मी स्क्रू पिळले, ठोकळा हलवून दाखवला, त्याला हलवायला लावला, ब्रेक दाबून दाखवला. मग तो आत बसला. टाच ठोकळ्यावर ठेवली. चवड्याने दाबलं. इंजिन हळूच वर गेलं आणि हळूच खाली आलं.

"हलकी झाली," तो म्हणाला.

"हलकी नाय झाली. पाय टेकला."

तो वैशाखऱ्याच्या बाजूला निघाला. पुढे एक वळण आहे, तिथून गाडी दिसत नाही. मी बघत नव्हते, ऐकत होते. हातात दुसऱ्या गाडीचा पाना होता, पण तो मी नटावर ठेवला नाही. वळणाजवळ आवाज उतरला, पाहिजे तेवढाच, आणि वळणापलीकडे पुन्हा चढला. मग मी पाना नटावर ठेवला आणि त्या गाडीच्या मालकाला हाक मारली, "अवो, इकडं या. बघायला या."